टाकलेले मूल आणि दत्तकपण
(एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरी व मराठी मुलूख यांच्या इतिहासातून)

टाकलेल्या मुलाची कथा पवित्र शास्त्राला परकी नाही. लव्हाळ्याच्या पेटीत ठेवलेले मोशेचे तान्हेपण, हागारेने झुडपाखाली सोडलेला इश्माएल आणि यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायातील उघड्या शेतात फेकलेले, नाळही न कापलेले ते बालक, ही तीन चित्रे आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेत. या तिन्ही ठिकाणी मूल टाकले जाण्याचे कारण निराळे आहे. राजाज्ञा, घरातील वारसाहक्काचा कलह आणि निव्वळ तिरस्कार अशी ती कारणे होत. तारणाऱ्याची कृती मात्र एकच आहे: तो त्या मुलाचे रडणे ऐकतो, त्याला पाहतो आणि त्याला भविष्य देतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने हेच मूल आपल्या मध्यभागी आणून बसविले. त्याच शतकात महाराष्ट्रात आणि आमच्या भोपाळच्या दक्षिणेस पसरलेल्या नर्मदेच्या खोऱ्यातही ते मूल आले. मात्र येथे ते कल्पित पात्र नव्हते. टाकलेल्या मुलाला आश्रय देणे आणि त्याला वारस करणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, या एका प्रश्नाच्या अनुरोधाने प्रस्तुत लेखात आम्ही या दोन इतिहासांचा विचार करणार आहोत.

नाव आणि वर्णमाला

चार्ल्स डिकन्स यांची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी थोडेच दिवस, १८३४ साली, इंग्लंडात नवा गरीब-कायदा संमत झाला होता. साहाय्य हवे असणाऱ्याने शक्यतो कामगृहातच दाखल व्हावे आणि तेथील जीवन बाहेरील अत्यंत गरीब मजुराच्या जीवनाहूनही कमी सुखाचे असावे, असे या कायद्यामागील धोरण होते. विवाहबाह्य संततीचा भार या कायद्याने जवळजवळ सर्वस्वी आईवर टाकला व पित्यास मोकळे सोडले. अशा कामगृहात जन्मलेल्या व जन्मतःच आईला मुकलेल्या ऑलिव्हरला आडनाव मिळते ते वर्णमालेच्या क्रमाने. आधीच्या मुलाला एका अक्षराचे नाव दिले गेले, म्हणून याला पुढच्या अक्षराचे. त्याचे नाव म्हणजे केवळ नोंदवहीतील एक जागा होय.

डिकन्स यांच्या लेखनात ही मुले पुनःपुन्हा येतात. ‘निकोलस निकल्बी’मधील स्माइक हा नकोशी मुले दूर ठेवण्यासाठी चालविल्या जाणाऱ्या यॉर्कशायरमधील शाळेत पिचून गेलेला मुलगा आहे. ‘ब्लीक हाउस’ (१८५२–५३) मधील जो हा रस्ता झाडणारा पोर आहे. ‘लिटल डॉरिट’मधील टॅटीकोरम लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमधून एका घरात आलेली आहे. थॉमस कोरम यांच्या प्रयत्नाने १७३९ साली सनद मिळालेल्या या संस्थेच्या प्रार्थनामंदिरात डिकन्स यांनी काही काळ आपले आसन राखून ठेवले होते. तेथील मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. या संस्थेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे आईने ठेवलेले नाव बदलून नवे नाव दिले जाई.

ख्रिस्ती वाचकाने येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. मुलांना छळणारी या कादंबऱ्यांतील अनेक माणसे धर्मनिष्ठ आहेत. ‘ब्लीक हाउस’मधील एस्थरला तिची मावशी वाढविते ती तिचा जन्म हाच कलंक आहे असे मनावर बिंबवीत. त्याच कादंबरीतील एक बाई आफ्रिकेतील दूरच्या मिशनकार्याच्या पत्रव्यवहारात इतकी गढलेली आहे की, तिच्या स्वतःच्याच घरातील मुले पोरक्यासारखी वाढतात. शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’ (१८४७) मधील शाळेचा चालक धर्मोपदेशक आहे. ती शाळा लेखिकेने अनुभवलेल्या शाळेवरून रंगविलेली असून तेथे आजारी पडलेल्या तिच्या दोन बहिणी १८२५ साली मरण पावल्या. मुलाला भाकर देताना त्याच्या जन्माची लाजही त्याच्या पदरात बांधणारी दया ही शुभवर्तमानातील दया नव्हे, हे या लेखकांनी धर्मपीठाहून अधिक स्पष्टपणे सांगितले, असे आम्हांस वाटते.

शेवटच्या प्रकरणातील रक्त

तथापि या कादंबऱ्यांनाही एक मर्यादा आहे. ऑलिव्हरची सुटका होते खरी. पण अखेरीस तो एका प्रतिष्ठित गृहस्थाचा पुत्र असल्याचे उघडकीस येते व त्याचा वारसा त्याला मिळतो. एस्थरची आई एका सरदाराची पत्नी निघते. जेनला काकाची वीस हजार पौंडांची मालमत्ता मिळते आणि हरवलेले नातलगही भेटतात. सारांश, टाकलेल्या मुलाचा प्रश्न कादंबरी त्याच्या रक्ताचा शोध लावून सोडविते. ज्याचे रक्त सापडत नाही त्या जोला मात्र ती मरू देते. कोणाच्या तरी मागोमाग प्रभूच्या प्रार्थनेचे शब्द अडखळत म्हणता म्हणताच त्याचा प्राण जातो.

एमिली ब्राँटी यांनी ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) मध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेल्या एका पोराला अर्नशॉ घरी आणतो, त्याला आपल्या मृत मुलाचे हीथक्लिफ हे नाव देतो. पण आपले आडनाव देत नाही. आश्रयदात्याने डोळे मिटताच त्याचा मुलगा या पोराला नोकरांत ढकलतो. पुढे दोन घराण्यांचा जो विध्वंस होतो त्याचे मूळ या अर्धवट स्वीकारात आहे. घरात घेतले पण घरचे केले नाही, अशा मुलाच्या अंतःकरणात काय साठते याचे याहून भेदक चित्र आमच्या पाहण्यात नाही.

या सर्वांहून निराळी वाट जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या छोट्या कादंबरीने धरली. विशेष हे की, लेखिकेने तोवर मंडळीचा त्याग केला होता आणि स्ट्राउस व फॉयरबाख या जर्मन टीकाकारांच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतरही केले होते. तिचा नायक सायलस हा विणकर आहे. आपल्याच मंडळीने चोरीचा खोटा आळ घेऊन व चिठ्ठ्या टाकून त्याला दोषी ठरविल्यामुळे तो देवाला आणि माणसांना पारखा झाला आहे. म्हणजे तोही टाकलेलाच आहे. त्याने साठविलेले सोने चोरीस जाते आणि वर्षाअखेरीच्या रात्री एक लहान मुलगी त्याच्या उघड्या दारातून दुडुदुडु चालत आत येते. तिची आई बाहेर बर्फात मरून पडलेली असते. मुलीचा बाप गॉडफ्रे त्याच गावातील जमीनदाराचा मुलगा आहे. तो सर्व पाहतो आणि गप्प राहतो. सोळा वर्षांनी, स्वतःला मूल नाही म्हणून, तो आपला हक्क सांगण्यास येतो. परंतु मुलगी त्याचे घर, जमीन आणि रक्ताचे नाते नाकारून विणकरापाशी राहते.

सायलस या मुलीचे नाव एपी ठेवतो. ते त्याच्या आईचे व बहिणीचे हेफसीबा हे नाव संक्षिप्त करून. यशयाच्या बासष्टाव्या अध्यायात संदेष्टा सियोनेला सांगतो की, टाकलेली हे तुझे नाव आता कोणी घेणार नाही. तुझे नाव हेफसीबा, म्हणजे जिच्या ठायी देवाचा संतोष आहे ती, असे होईल. मंडळी सोडलेल्या लेखिकेने टाकलेल्या मुलीसाठी नेमके हेच नाव निवडावे, याला आम्ही योगायोग मानीत नाही. ऑलिव्हरला वर्णमालेतून नाव मिळाले, एपीला अभिवचनातून.

सुरत, पुणे आणि पंढरपूर

आता आपल्या मुलखाकडे वळू. जॉर्ज एलियट यांच्याच ‘अ‍ॅडम बीड’ (१८५९) या कादंबरीत हेटी ही अविवाहित तरुणी आपले नवजात मूल रानात टाकते. मूल मरते. तिला फाशीची शिक्षा होते व ऐन वेळी ती बदलून हद्दपारी दिली जाते. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर बावीस वर्षांनी, १८८१ साली, सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली व पुढे आणखी कमी करण्यात आली. वृत्तपत्रांनी स्त्रीजातीच्या अनीतीवर अग्रलेख लिहिले. त्या गदारोळाला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला आणि जो प्रश्न न्यायालयात कोणी विचारला नव्हता तो विचारला: या पापात पुरुषाचा वाटा कोठे गेला? १८३४ च्या इंग्रजी कायद्यालाही हाच प्रश्न विचारता आला असता.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कृतीने उत्तर आधीच मिळाले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवेने तेथे गुपचूप यावे, सुखरूप प्रसूत व्हावे आणि हवे तर मूल तेथे ठेवून जावे, अशी सोय होती. जोतीरावांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले व प्रार्थनासमाजाने ते चालविले. यात्रेच्या गर्दीत ओळख लपते. म्हणून विठ्ठलाच्या नगरीत अशा स्त्रिया येत आणि अशी मुले सापडत. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीच निघाली होती आणि तिचा विषय विधवांची दुःस्थिती हाच होता. म्हणजे ज्या दुःखातून ही मुले जन्मास येत होती ते एका ख्रिस्ती लेखकाने मराठी वाचकांपुढे प्रथम कादंबरीरूपाने मांडले.

परंतु फुले दांपत्याची खरी थोरवी गृह उघडण्यापुरती नाही. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी १८७४ च्या सुमारास जन्मलेल्या यशवंतला त्यांनी स्वतःचा पुत्र केले आणि १८८७ च्या मृत्युपत्राने त्याला आपला वारस ठरविले. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा दत्तकाने अंत्यविधीत पुढे व्हावे यास भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची शुश्रूषा केली व त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे देहावसान झाले. येथे शेवटच्या प्रकरणात कोणी थोर कुळातील पिता प्रकट होत नाही. गॉडफ्रेचा मार्ग नाकारून सायलसचा मार्ग पत्करणारे हे मराठी घर कल्पित नव्हते.

नर्मदेचे खोरे

ज्या हिवाळ्यात पुण्यात प्लेग पसरत होता त्याच हिवाळ्यात मध्य प्रांतात भीषण दुष्काळ होता. पंडिता रमाबाई १८९६–९७ साली या भागात आल्या. आज नर्मदापुरम् म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबादच्या परिसरात व सोहागपूर येथे इंग्लंडच्या क्वेकर मित्रमंडळींचे, हरद्यास डिसायपल्स मिशनचे, नरसिंगपुरास मेथडिस्टांचे काम होते. या सर्व मिशनांच्या पदरी अनाथ मुले येऊन पडत होती. रमाबाईंनी सरकारी अन्नछत्रे व मदतकामे पाहिली आणि तेथे एकट्या पडलेल्या मुलींवर कोणत्या प्रकारची माणसे टपून आहेत हेही पाहिले. आपले स्वतःचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या भटकंतीतच त्यांनी गमावली होती; त्यामुळे हे दृश्य त्यांना परके नव्हते. सुमारे तीनशे मुली त्यांनी दक्षिणेत नेल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावी आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा आरंभ तो असा. १८९९–१९०० च्या ‘छप्पनच्या’ दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि सदनातील संख्या हजाराच्या वर गेली.

या मुलींना ‘टाकलेल्या’ म्हणावे काय? काहींचे आईबाप मेले होते, काहींना ते वाटेत सोडून गेले होते, तर काहींना विकण्यात आले होते. दुष्काळात हे भेद पुसट होतात. स्वतः उपाशी असलेली आई पोराला अन्नछत्राच्या दाराशी ठेवून निघून जाते तेव्हा ती त्याला टाकते की वाचविते? मोशेच्या आईविषयीही हाच प्रश्न विचारता येईल. मूल कोणी टाकले याच्या चौकशीआधी ते का टाकावे लागले हे पाहावे, असे शास्त्र आपणांस सुचविते.

रमाबाईंच्या कार्याचे मोल सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुष्काळातील अनाथ मुले कोणाच्या हाती द्यावीत हा त्या काळी तीव्र वादाचा विषय होता. मिशने भुकेचा फायदा घेऊन मुलांना बाटवितात, असा आरोप होत असे. आम्ही तो सरसकट मान्य करीत नाही; कारण त्या मुलांना घेण्यास दुसरे फारसे कोणी पुढे येत नव्हते. परंतु अनेक अहवालांत ही मुले नावाने न येता संख्येने आली व त्या संख्येने परदेशातील दात्यांची मने द्रवली, हे नाकारता येत नाही. कामगृहातील वर्णमाला आणि अहवालातील आकडा यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे नाही. मुक्तिसदनात मुलींना अक्षर, प्रार्थना, विणकाम, छापखान्यातील काम मिळाले. मराठी पवित्र शास्त्राच्या रमाबाईकृत भाषांतराची छपाईही तेथेच झाली. जी मुलगी दुष्काळात रस्त्यावर सापडली तिच्या हातून देववचनाचे खिळे जुळावेत, ही गोष्ट कोणत्याही कादंबरीच्या शेवटाहून थोर आहे. तरीही संस्था कितीही प्रेमळ असली तरी ती आश्रय देते. वारसा देऊ शकते ते घर.

दत्तकपणाचा अर्थ

प्रेषित पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना तारणाचे वर्णन दत्तकपण या शब्दाने केले. रोमी कायद्यात दत्तक पुत्र जुन्या घराशी असलेल्या बंधनांतून सुटून नव्या घराचा पूर्ण वारस होई. पौलाच्या वाचकांना हे ठाऊक होते. म्हणूनच आपण पुत्र आहो तर वारसही आहो, असा त्याचा युक्तिवाद तेथून पुढे जातो. त्याच रोमी जगात नको असलेली मुले उघड्यावर टाकण्याची रीत होती. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टिर याने तिचा निषेध केला. अशी मुले वाढवून वेश्याव्यवसायास लावली जातात, हे त्याने स्पष्ट लिहिले. रमाबाईंना अन्नछत्रांत तेच भय दिसले.

ज्या मंडळीच्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी दत्तकपण आहे, तिच्या सभासदांना या देशात कायदेशीर दत्तक घेण्याची सोय मात्र दीर्घकाळ नव्हती. इंग्लंडात दत्तकाचा कायदा १९२६ साली झाला. भारतातील ख्रिस्ती जनांना तो लागू नव्हता. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती पतिपत्नींना १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येई. मूल सज्ञान होताच ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे आणि वारसा आपोआप मिळत नसे. सर्वांना लागू होईल असे विधेयक १९७२ साली व पुन्हा १९८० साली मांडले गेले. दोन्ही वेळा ते कायद्यात उतरले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००० साली एका ख्रिस्ती दांपत्याच्या प्रकरणात दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. बालन्याय कायद्याने, विशेषतः त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने, धर्माचा अडसर दूर केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ते स्पष्ट केले. २०१५ च्या कायद्यानुसार मूल सांभाळणे अशक्य झालेल्या आईला ते बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येते व फेरविचारास दोन महिन्यांची मुदत मिळते. विजयालक्ष्मीला आणि हेटीला असे दार उघडे नव्हते.

म्हणजे कायद्याची सबब आता उरलेली नाही. उरला आहे तो आपल्या मनाचा प्रश्न. नर्मदेच्या खोऱ्यातील व महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांत अशी घराणी आहेत की, ज्यांची वंशावळ तीन-चार पिढ्यांमागे एखाद्या अनाथगृहाच्या नोंदवहीपाशी थांबते. ही गोष्ट आपण क्वचितच अभिमानाने सांगतो. सोयरीक जमविताना आपणही मूळ घराण्याची चौकशी करतो आणि अनाथगृहाचे नाव निघाले की आवाज खाली आणतो. शेवटच्या प्रकरणात कोणी थोर पूर्वज सापडावा ही इंग्रजी कादंबरीची हौस आपल्याही अंतःकरणात दडलेली आहे. पौलाला मान्य असलेली वंशावळ मात्र पित्याच्या निवडीपासून सुरू होते. तिच्या आधीचे पान कोरे असले तरी बिघडत नाही.

भोपाळने २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका घटकेत पोरकी झालेली मुले पाहिली आहेत. आईबाप हरपलेले मूल केवळ दुष्काळातच असते, असे या नगरात कोणी म्हणणार नाही. अशा वेळी प्रथम आश्रय हवा, अन्न हवे, औषध हवे. त्यासाठी संस्था लागतात व लागतील. परंतु मंडळीचे कर्तव्य तेथे संपत नाही. पाळकांनी बाप्तिस्म्याच्या वेळी अशा मुलाच्या पित्याचा रकाना रिकामा पाहून संकोचू नये; त्या क्षणी सारी मंडळी त्या मुलाची सोयरी होत असते. मूल सोडण्याचा विचार करणारी आई दाराशी आली तर तिला उपदेशाआधी कायद्याने दिलेला मार्ग सांगावा. अपत्यहीन दांपत्याचे सांत्वन करताना दत्तकाचा विचार नाइलाजाचा उपाय म्हणून नव्हे, तर तारणाच्या सिद्धान्ताचा घरातील आचार म्हणून त्यांच्यापुढे ठेवावा. वसतिगृहातील मुलांना सणाच्या दिवशी घरोघर जेवावयास नेले जाते. वर्षाच्या इतर दिवशी ती कोणाची असतात, हेही मंडळीच्या सभेत एकदा विचारले जावे.

मंडळी सोडून गेलेल्या एका इंग्रज लेखिकेला आणि मंडळीबाहेर राहिलेल्या पुण्याच्या एका दांपत्याला दत्तकपणाचा जो अर्थ उमगला, तो आपणांस कठीण वाटू नये. टाकलेली हे नाव पुसून हेफसीबा हे नाव देणारा देव आपण सांगतो. ते नाव आपल्या घराच्या दारावर, मालमत्तेच्या कागदावर आणि सोयरिकीच्या बोलणीत लिहिले जाईपर्यंत आपले सांगणे अपुरे राहील.